वारा मोजणारी ठिणगी

सुरक्षेच्या नावाने उभारलेले यंत्रच एखाद्या दिवशी स्फोटाला काडी लावील, हे आमच्या कारखानदारांना कळत नाही असे म्हणणे हा त्यांच्या हिशेबी बुद्धीचा अपमान होईल. त्यांना कळते. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यांनाही कळते. तरीही जिथे पेट्रोल, नाफ्था, टोल्यूइन, हायड्रोजन यांचा वावर आहे, जिथे कामगाराच्या खिशातला मोबाइल फाटकावरच काढून घेतात, तिथे बाजारातून उचललेले साधे हवामान केंद्र खांबावर चढते आणि त्याच खांबावर ‘सुरक्षा प्रथम’ची पाटी ठोकली जाते! कामगाराच्या मोबाइलची भीती वाटते. खांबावरच्या पेटीत तसलाच मोडेम आहे, तसलीच बॅटरी आहे, वर चोवीस तास वीज वाहणाऱ्या वायरी आहेत, पण तिची भीती कुणालाच वाटत नाही. मोबाइल कामगाराचा असतो; पेटी साहेबांनी मंजूर केलेली असते!

यात न कळण्यासारखे काय आहे? ज्वालाग्राही वायू वा बाष्प हवेत जिथे मिसळू शकते त्या जागेचे झोन पाडावेत, हे शास्त्र आता जुने झाले. असे मिश्रण जिथे सतत असते तो झोन 0. रोजच्या कामात अधूनमधून होऊ शकते तो झोन 1. सहसा होत नाही आणि झालेच तर थोडा वेळ टिकते तो झोन 2. झोन कसे पाडायचे ते भारतीय मानक आयएस 5572 सांगते, त्यात विजेचे कोणते उपकरण चालेल ते आयएस 5571 सांगते. अशा जागी बसणाऱ्या विजेच्या उपकरणाला मुख्य स्फोटक नियंत्रकांची मान्यता हवी, असे पेट्रोलियम नियम 2002 बजावतात. आणि हे नियंत्रक ज्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे प्रमुख, तिचे मुख्यालय लंडनला नाही, दिल्लीलाही नाही, आमच्या नागपुरात आहे. मानक आहे, नियम आहे, कचेरी आहे. नाही ती चाड.

‘अहो, बारा व्होल्टचे खेळणे ते! त्याने काय होणार आहे?’ असे तोंड वर करून विचारणारे अधिकारी आणि विक्रेते आजही भेटतात. त्यांचा हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच जळून राख झाला आहे. 14 ऑक्टोबर 1913 रोजी वेल्समधील सेंगेनिदच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि 439 खाणकामगार मेले. ठिणगीचा संशय कशावर गेला? भट्टीवर नाही, मोठ्या मोटारीवर नाही. इशारे देण्यासाठी बसवलेल्या विजेच्या घंटीवर! व्होल्ट कमी, म्हणून धोका नाही, हीच त्या घंटीबद्दलचीही समजूत. त्या काळच्या खाणींतील अशा घंट्यांच्या तपासातूनच पुढे एक तत्त्व उभे राहिले: उपकरणाच्या सर्किटमध्ये ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की वायर तुटली, दोन टोके भिडली, तरी निघणारी ठिणगी वायू पेटवू शकणार नाही. आमच्या कारखान्यांतली इन्स्ट्रुमेंट विभागातली मुले त्याला ‘आयएस’, म्हणजे ‘इंट्रिन्सिकली सेफ’, लूप म्हणतात आणि त्यासाठी कंट्रोल रूममध्ये बॅरियर बसवतात. पेट्रोलसारख्या हायड्रोकार्बनचे बाष्प पेटायला मिलीज्यूलचा जेमतेम पाव भाग पुरतो. हायड्रोजनला तर त्याच्याही दहाव्या हिश्श्याहून कमी, सुमारे 0.02 मिलीज्यूल! सुक्या हवेत नायलॉनचा शर्ट अंगावरून काढताना जी चटचट होते तिच्यातही याहून जास्त दम असतो. बारा व्होल्टची बॅटरी मग कशाला हवी?

आता या ‘खेळण्या’च्या पोटात डोकवा. पाऊस मोजणाऱ्या भांड्यात एक झुलते बकेट असते. ते उलटले की एक बारीक रीड स्विच बंद होऊन उघडतो, म्हणजे पावसाच्या प्रत्येक मापाला एक विद्युत स्पर्श. हा स्विच योग्य बॅरियरमागे असेल तर निरुपद्रवी आहे. मानके अशा वस्तूला ‘साधे उपकरण’ मानून थोडी मोकळीकही देतात. पण बॅरियर नसेल, वायर थेट बॅटरीपर्यंत गेली असेल, तर तीच एक छोटी काडीपेटी. खालच्या पेटीत शिसे-आम्लाची बॅटरी असते, आणि चार्ज होताना ती स्वतःच हायड्रोजन सोडते. म्हणजे जिथे वायू नव्हता तिथे वायू आणि शेजारीच ठिणगी, अशी दोन्ही सोय आपल्या पैशाने! बाहेरची प्लॅस्टिकची छत्री पुसताना स्थिर विद्युत धरते. हलक्या ॲल्युमिनियमचा भाग गंजक्या लोखंडावर आपटला तर पेटत्या ठिणग्या उडतात, म्हणूनच सर्वांत धोक्याच्या झोनमधल्या उपकरणात हलक्या धातूंचे प्रमाण किती असावे यावर मानकांनी बंधने घातली आहेत. आणि दहा मीटर उंचीचा एकटा खांब म्हणजे मृगाच्या पहिल्या विजेला धाडलेले आमंत्रणच. त्याला अर्थिंग आहे का, सर्ज रोधक आहे का, वर पडलेली वीज त्याच केबलने कंट्रोल रूममध्ये उतरणार नाही ना, हे कोण पाहते?

सगळ्यात निर्लज्ज उत्तर विक्रेत्याचे. ‘साहेब, आयपी 65 आहे की!’ आयपी 65 म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि पाण्याचा फवारा मारला तरी पाणी आत जाणार नाही. एवढेच. त्याचा स्फोटाशी काडीचा संबंध नाही. पावसात छत्री घेतली म्हणून आगीतून चालता येते असे म्हणण्याइतकेच हे शहाणपण आहे! पण खरेदी विभागाला हे दोन अंक पुरतात, कारण फ्लेमप्रूफ किंवा आयएस प्रमाणित संवेदक साध्यापेक्षा कैकपट महाग पडतो आणि दोन कोटेशनांतला फरक वाचवल्याबद्दल शाबासकी मिळते. फुकाची बचत! उद्या प्लांट उडाला तर ती बचत कुणाच्या पेन्शनीतून वळती करायची?

प्रमाणपत्र असले म्हणजे सुटलो, असेही कोणी समजू नये. फ्लेमप्रूफ पेटीचे रहस्य तिच्या जोडावर असते: आत स्फोट झाला तरी झाकण आणि पेटी यांच्या अरुंद फटीतून बाहेर येणारा वायू थंड होऊनच यावा, अशी ती फट घडवलेली असते. झाकणाचा एक बोल्ट हरवला, जोडावर रंगाचा हात मारला, केबलच्या ग्लँडमध्ये कापूस कोंबला, की एवढे महागडे कवच साध्या डब्याच्या लायकीचे होते. कोणत्याही प्लांटवर रंगकाम झाल्यावर फेरी मारा आणि अशा पेट्यांचे बोल्ट मोजा. आणि ज्याच्याकडे वार्षिक देखभालीचे कंत्राट आहे तो तरुण कॅलिब्रेशनला येतो तेव्हा हातात काय घेऊन येतो? साधा लॅपटॉप आणि ड्रिल. खांबावर चढून तो पेटीचे झाकण उघडतो; खाली पर्मिटच्या कागदावर कुणाची तरी सही असते आणि वीज मात्र चालूच असते. प्रमाणित यंत्राच्या पोटात अप्रमाणित हात घालायचा आणि हात भाजला तर कंत्राटदाराकडे बोट दाखवायचे, ही आमची कार्यसंस्कृती! तो मुलगा कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो, म्हणून मेल्यावर कारखान्याच्या आकड्यातही मावत नाही.

त्या प्रमाणपत्रावरची एक ओळ तर कोणी वाचतच नाही. वेगळे काही लिहिले नसेल तर स्फोटरोधक उपकरण उणे 20 ते अधिक 40 अंश सेल्सियस एवढ्या तापमानासाठी प्रमाणित असते. चाळीस! बुटीबोरीच्या, चंद्रपूरच्या मे महिन्याला चाळीस म्हणजे गारवा. तिथे सावलीत पारा पंचेचाळीस ओलांडतो. उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी पेटीच्या आत काय होत असेल ते ज्याने मे महिन्यात मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवला आहे त्याला विचारा. पेटीचा पृष्ठभाग किती तापू शकतो, त्यावरून तिला टी1 पासून टी6 पर्यंत वर्ग मिळतो, आणि तो वर्गही याच हवेच्या तापमानाच्या हिशेबावर उभा असतो. हिशेबाचा पायाच पाच-सात अंशांनी खोटा असेल तर वरच्या इमल्याला काय अर्थ? देशाला स्फोटक सुरक्षेची प्रमाणपत्रे वाटणारी कचेरी ज्या नागपुरात आहे, त्याच नागपुरात मे 2024 मध्ये एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवून देशभर खळबळ उडवली आणि संवेदक बिघडला होता असा खुलासा हवामान खात्याला करावा लागला. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 नोंदले गेले. तिथला संवेदक तीन अंश जास्त दाखवत असल्याचे तपासणीत निघाले. तज्ज्ञांच्या हाताखालच्या केंद्रांची ही गत असेल, तर कारखान्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे धूळ खात उभ्या असलेल्या केंद्राचा आकडा कोणत्या तोंडाने खरा मानायचा?

आकडा खोटा निघाला तर बिघडले काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही जयपूरला नेतो. 29 ऑक्टोबर 2009. सीतापुरा औद्योगिक वसाहतीतील इंडियन ऑइलचे टर्मिनल. संध्याकाळी पेट्रोल गळू लागले आणि सवा तासाच्या आसपास गळतच राहिले. वारा जवळजवळ पडलेला. त्यामुळे बाष्प विरले नाही, जमिनीलगत साऱ्या आवारात पसरले आणि मग पेटले. अकरा जीव गेले आणि टाक्या कित्येक दिवस जळत राहिल्या. चौकशी करणाऱ्या एम. बी. लाल समितीचा संशय कशावर गेला? प्रशासकीय इमारतीतले फ्लेमप्रूफ नसलेले विजेचे उपकरण, नाहीतर आवारात चालू केलेले वाहन. चार वर्षे आधी, 11 डिसेंबर 2005 च्या पहाटे, इंग्लंडमधील बन्सफील्डच्या तेल डेपोत हेच झाले होते. टाकी ओसंडली, हवा थंड आणि निश्चल, बाष्पाचे धुके पसरत गेले. आणि ठिणगी बहुधा कुठे पडली, तर आग विझवण्याच्या पाण्याच्या पंपघरात! रक्षणासाठी ठेवलेल्या यंत्रानेच घात करावा, याहून कडवट विनोद कोणता? आणि वारा पडलेला असताना साध्या वाट्यांचे वायुवेगमापक काय सांगते? त्या वाट्यांना हलायलाच सेकंदाला अर्धा मीटर वारा लागतो. तारापूर, रोहे, लोटे परशुरामच्या खाऱ्या, आम्लाच्या हवेत बेअरिंग गंजले की त्याहून जास्त. वायूचा ढग जमिनीवर लोळत असतो आणि पडद्यावर शून्य असते. ते शून्य खरे की यंत्र अडकले, हे रात्रपाळीच्या ऑपरेटरला कळायचे कसे?

हवामानशास्त्राचा दंडक म्हणतो की वारा जमिनीपासून दहा मीटरवर, मोकळ्या जागी मोजावा. जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या दहापट तरी लांब. स्फोटशास्त्र म्हणते की विजेचे उपकरण शक्य असेल तर झोनच्या बाहेर न्यावे. दोन शास्त्रे क्वचितच इतक्या एकमताने एकाच दिशेला बोट दाखवतात! मग खांब टाक्यांच्या मधोमध कशासाठी? केबल कमी लागते म्हणून. कंट्रोल रूमच्या खिडकीतून पाहुण्यांना दाखवता येतो म्हणून. काही ठिकाणी गळतीच्या तोंडाजवळचा वारा कळणे खरोखरच गरजेचे असते, हे आम्ही मानतो. तिथे हलणारे भाग नसलेला प्रमाणित अल्ट्रासॉनिक संवेदक घ्या, त्या झोनचा, त्या वायुगटाचा, त्या तापमानाचा. पैसे नाहीत? मग कापडाची वाऱ्याची पिशवी टांगा. तिला वीज लागत नाही, मोडेम लागत नाही, ती पेटत्या क्षणीही खोटे बोलत नाही. रात्री दिसावी म्हणून तिच्यावर सोडाल तो दिवा तेवढा फ्लेमप्रूफ ठेवा.

आता दुसरा गुन्हा. एवढे करून मोजलेला वारा कुणासाठी मोजता? 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळमध्ये सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि थंड, मंद वाऱ्याबरोबर जुन्या शहराकडे गेले. वारा पाहून उलट दिशेला पळायचे हे कारखान्यातल्या कामगारांना माहीत होते. कुंपणापलीकडच्या जयप्रकाशनगरला कोणी सांगितले नव्हते. तिथली माणसे वायूच्याच दिशेने धावली. त्या प्रेतांच्या राशीवर उभे राहून 1987 मध्ये कारखाने कायद्यात नवे प्रकरण घातले गेले. त्यातल्या 41ब कलमाने धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि परिसरातील जनतेला देणे कारखान्याच्या भोगवटादारावर बंधनकारक केले. 1989 च्या घातक रसायन नियमांनी आणीबाणीचे आराखडे सक्तीचे केले. आणि 7 मे 2020 च्या पहाटे विशाखापट्टणमला एलजी पॉलिमर्समधून स्टायरीन सुटले तेव्हा? सायरन सुरू करण्याच्या 36 जागा होत्या, वाजला एकही नाही, असे उच्चाधिकार समितीने लिहून ठेवले आहे. बारा माणसे गेली. छत्तीस वर्षांत आम्ही काय शिकलो? आराखड्याची फाइल कशी बांधायची, एवढेच.

मुंबईकरांना हे परके वाटायला नको. 19 सप्टेंबर 2019 च्या रात्री चेंबूर, घाटकोपर, पवई, अंधेरीपर्यंत वायूचा वास पसरला, लोक खिडक्या लावून बसले, अग्निशमन दलाचे बंब रात्रभर हिंडले. गॅस कंपनीने आपल्या वाहिन्या तपासून गळती नाही म्हटले. जून 2020 मध्ये पुन्हा तोच प्रकार. माहुल-चेंबूरच्या प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या कुंपणावरचा त्या रात्रीचा वारा लोकांसमोर असता तर वासाचा माग काढायला कितीसा वेळ लागला असता? डोंबिवलीकरांनी 2014 मध्ये हिरवा पाऊस पाहिला, 2020 मध्ये गुलाबी रस्ता पाहिला, मे 2016 मध्ये प्रोबेस कंपनीचा स्फोट ऐकला, मे 2024 मध्ये अमुदान कंपनीचा. प्रत्येक वेळी मंत्री आले, नाकाला रुमाल लावला, कारखाने हलवण्याची घोषणा केली आणि गेले. त्या नाकाला रुमाल लावणाऱ्या हातांनी एकदा तरी विचारले का, की या वसाहतीत वारा कोण मोजतो, कशाने मोजतो आणि मोजून कुणाला सांगतो?

विचारणार कोण? प्रदूषण मंडळाला आकडा हवा, तो कोणत्या पेटीतून आला याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पेसो आपल्यासमोर आलेले उपकरण तपासते. जे समोर आणलेच नाही त्याचे काय? औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला यंत्रे दिसतात, खांब दिसत नाही. हवामान खात्याचे म्हणणे, कुंपणाच्या आत आमचा अधिकार नाही. चार खाती, चार कुलपे आणि किल्ली कुणाकडेच नाही! व्यवसाय सुलभतेच्या नावाखाली तपासण्या कमी करून कारखान्यांकडूनच स्वयंघोषणा घेण्याची टूम निघाली आहे, तिने उरलेसुरले डोळेही मिटले. आग लागेल अशा जागी आपण काय बसवले आहे, हे बसवणाऱ्यानेच स्वतःला विचारायचे आणि स्वतःच ‘सर्व ठीक’ म्हणून सही करायची!

आणि ज्याने आत राहून विरोध केला त्याचे काय होते, हेही आम्हाला ठाऊक आहे. ‘हा संवेदक या झोनमध्ये बसणार नाही’ असे लिहून देणारा इन्स्ट्रुमेंट अभियंता कामात खोडा घालणारा ठरतो; त्याची बदली होते, कागद फाइलीत राहतो आणि यंत्र खांबावर राहते. स्फोटानंतर चौकशीला तोच कागद सापडतो. कागद लिहिणारा मात्र तोवर दुसऱ्या गावी असतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे आणि ती आम्ही विनंती म्हणून करत नाही. झोनमध्ये उभ्या असलेल्या ज्या हवामान केंद्राला वैध प्रमाणपत्र नाही, त्याची वीज आजच तोडा. प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी धातूची पाटी हवी: झोन कोणता, वायुगट कोणता, तापमान वर्ग कोणता, किती अंशांपर्यंत मान्य, प्रमाणपत्राचा क्रमांक काय, शेवटची तपासणी कधी आणि सही कुणाची. सही कंत्राटदाराची नको, भोगवटादाराची हवी. आणि वाऱ्याचा वेग व दिशा कारखान्याच्या फाटकावर, रस्त्यावरून जाणाऱ्या शाळकरी पोराला वाचता येईल एवढ्या अक्षरांत, चोवीस तास दिसली पाहिजे. कायद्याने ती माहिती वस्तीची आहे, कंपनीच्या सर्व्हरची नव्हे.

औद्योगिक सुरक्षा संचालनालयाने, पेसोने आणि प्रदूषण मंडळाने मिळून तारापूर, डोंबिवली, तळोजा, पाताळगंगा, रोहे, महाड, लोटे, कुरकुंभ, बुटीबोरी इथल्या अशा सर्व केंद्रांची यादी येत्या मे महिन्याच्या आत जाहीर करावी. जमत नसेल तर तसे लेखी कळवावे, नाव आणि हुद्द्यासह. म्हणजे पुढच्या स्फोटानंतर चौकशी समिती नेमून सरकारला महिनोन्‌महिने आरोपी शोधत बसावे लागणार नाही.